रिकामी जागा रिकामीच लिहा

म्हात्रेबाई गेल्या, हे मला ऑफिसात टेबलाशी बसल्याबसल्या कळलं. त्यांच्या सेवापुस्तकात शेवटची नोंद करायचं काम माझ्याकडेच आलं! पनवेलजवळच्या खाडीकाठच्या चार गावांच्या त्या नर्सबाई, मी आरोग्य खात्यातला कारकून. महिना झाला, तरी कुणी ‘देवमाणूस होत्या हो’ म्हणालं की माझं डोकं सणकतं. देवमाणूस कसल्या? महाहट्टी बाई होती ती. त्या हट्टासाठीच मी त्यांना मानत आलो.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या उपकेंद्राची नर्स बदलून गेली आणि जागा रिकामी पडली. त्याच सुमारास वरून पत्र आलं... राज्याचा आराखडा करायचाय, कुठे किती माणसं कमी आहेत ते कळवा. कमी दाखवायचं म्हणजे साहेबांना कमीपणा वाटे. मग जुनीच युक्ती. रिकाम्या जागेचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या नर्सच्या गळ्यात मारायचा, तिची सही घ्यायची, की कागदावर जागा भरलेली! तो कागद घेऊन मीच गेलो. बाई तशाही आठवड्यातून दोनदा मिठागराच्या बांधावरून तिकडे लसी टोचायला जातच होत्या. म्हटलं, "बाई, करताच आहात, तर एक सही करून टाका."

त्या उखडल्याच. "भाऊसाहेब, काम मी करीन. पन सही नाय करनार. मी सही केली तं सरकारला वाटंल, तितं नर्स हाय. मंग खरी नर्स देनार कोन, तुमी?"

साहेबांनी नोटीस काढली, लांब बदलीची धमकी दिली. त्याहून वाईट म्हणजे त्या गावात आवई उठली की बाईंनी गाव नाकारलं. जिच्या सुनेचं बाळंतपण बाईंनी केलं होतं, तीच सासू तोंडावर म्हणाली, "आमी काय तुमाला जड झालो?" हे सांगताना बाई माझ्यासमोर रडल्या... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लसींचा डबा खांद्याला लावून त्याच गावात गेल्या. मला माझीच लाज वाटली. वर पाठवायच्या तक्त्यात त्या जागेपुढे मी ‘रिक्त’ लिहिलं. साहेब नको नको ते बोलले, पण बाईंची सही नाही म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालेना. दीड वर्षानं तिथे सविता नावाची नर्स रुजू झाली. बाईंनी तिला घरोघर फिरवलं, त्या सासूच्या घरी सगळ्यात आधी.

आता बाईंचीच जागा रिकामी. तेरावं व्हायच्या आत नव्या साहेबांनी त्या जागेचा कार्यभार सविताच्या नावे काढला. कागद घेऊन पुन्हा मीच गेलो. उपकेंद्रात बाईंच्या खोलीत सविता पोरांची वजनं करत होती. बाईंची खुर्ची भिंतीला लावलेली, पुसून लख्ख. माझ्या हातातला कागद बघून ती ताडकन म्हणाली, "त्या खुर्चीवर बसलेय का मी? उभ्यानंच करतेय सगळं. तुम्ही नर्स आणा, ती बसेल."

मी कागद तसाच खिशात घातला, ऑफिसात परतलो आणि तक्त्यात बाईंच्या जागेपुढे ‘रिक्त’ लिहिलं.

"सही कुठाय?" साहेबांनी विचारलं.

म्हटलं, "मी मागितलीच नाही."