गोबर गॅसची टाकी आणि तिचं सरपण

वालूरला माझी बदली झाली तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. नव्या माणसाचं आडनाव कळल्याशिवाय त्याला कुणी घरात बोलवत नसे, आणि कळल्यावरही काही जण बोलवत नसत. मी भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. कामाशिवाय माझ्याशी बोलणारी एकच बाई होती, बौद्धवाड्यातली, वयाने माझ्याहून मोठी. ती एका मोठ्या शेतकऱ्याचा गोठा झाडायची आणि त्याबद्दल तिला शेण मिळायचं. रीतच होती तशी. त्या शेणाच्या गोवऱ्यांवर तिची चूल पेटायची, आणि त्यातल्याच काही ती माझ्या दाराशी ठेवून जायची. "भाऊ, पाणी तापवून घेत जा, थंड्या पाण्यानं आजारी पडताल," म्हणायची.

गावोगाव गोबर गॅसच्या टाक्या बांधून घेणं हे माझं काम. देशाच्या योजनेला रॉकेल वाचवायचं होतं, झाडं वाचवायची होती. माझा त्यावर मनापासून विश्वास होता. अजूनही आहे, आणि म्हणूनच हे सांगणं मला इतकं जड जातं.

अनुदान ज्याच्याकडे जनावरं त्यालाच. त्यामुळे गावातली पहिली टाकी त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यामागे झाली. टाकी भरायच्या दिवशी मालकाने विचारलं, रोज किती शेण लागेल. मी सांगितलं, असेल तेवढं सगळं. कमी पडलं तर शेगडी नीट पेटणार नाही. ती खराटा घेऊन तिथेच उभी होती. मालक तिच्याकडे वळला.

"उद्यापासून शेण टाकीत टाकायचं. घरी न्यायचं न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं. मी खाली मान घालून शेणकाला ढवळत राहिलो.

नंतर धडपड केली. बौद्धवाड्यासाठी सामाईक टाकी मागितली, तर वरून विचारणा झाली, तिथे जनावरं कुठे आहेत? मालकाला म्हणालो, झाडण्याचे निदान पैसे तरी द्या तिला. तो हसला. "तिच्या चुलीची तुमाला लय काळजी. मंग तुमीच न्या की गॅस तिच्या घरी."

माझ्या दाराशी गोवऱ्या येणं थांबलं. ती ओढ्याकाठच्या बाभळी तोडू लागली.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात मी 'शाश्वत विकास' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. फळ्यावर व्याख्या लिहिली गेली, सगळ्यांनी ती उतरवून घेतली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ओढ्याकाठची एक दुपार होती.

मी सायकलवरून येत होतो. ती मोळी बांधून वाटेच्या कडेला बसली होती. ओल्या लाकडाची मोळी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. वाटेने जाणारा कुणीही हात लावतो, त्याला सांगावंही लागत नाही. मी सायकल उभी केली आणि पुढे झालो.

"राहू द्या, साहेब. मागून बाया यायल्यात."

वाटेवर लांबपर्यंत कुणी दिसत नव्हतं. ऊन फार आहे, मी म्हणालो.

"बसते की. तुमी जा."

मी तसाच उभा राहिलो. ती पायातला काटा काढू लागली, वर बघितलंच नाही. शेवटी मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं, तेव्हाही ती मोळीशेजारी तशीच बसलेली होती.