टोपलीतली कोंबडी

ओल्या पोत्याचा वास आला की मला लग्नानंतरचा एस.टी.चा तो प्रवास आठवतो. रोहिणखेडहून सासरी धामणगाव बढ्याला जाताना मी माहेरचं कुत्र्याचं पिल्लू सोबत घेतलं होतं. ऊन फार, म्हणून टोपलीत ओलं पोतं अंथरून वरून फडकं बांधलं. कंडक्टरनं विचारलं, "टोपल्यात काय हाय, बाई?" तो खाली उतरवेल या भीतीनं मी म्हटलं, "कोंबडी." तेवढ्यात पिल्लू भुंकलं. "काऊन बाई, कोंबडी भुकून राह्यली?" सारी गाडी हसली. मग त्यानंच मला खिडकीपाशी बसवलं. "फडकं सैल करा, हवा लागू द्या त्याले. गळ्यातली दोरी मात्र सोडू नका, गचक्यानं उडी मारते." आता हसू येतं, पण सासरच्या त्या पहिल्या दिवशी मी मनमोकळं बोलले ते फक्त त्या पिल्लाशीच.