जंगलात न न्यायच्या वस्तू

मे महिन्यातला शनिवार. हजर: मी, विनय, आमची सई आणि सासूबाई. परवा पहाटे जंगल सफारीला निघायचं म्हणून पलंगावर चार बॅगा उघड्या पडल्या होत्या.

एरवी सामान भरताना काही राहू नये याची काळजी असते. या वेळी वगळायचंच जास्त होतं. भडक रंग नकोत, वास नको, आवाज नको. सईचा पिवळाधमक कुर्ता मी कपाटात परत ठेवला, विनयचं अत्तरही काढलं. तेवढ्यात सई म्हणाली, "आजी, तुझ्या बामाच्या वासानं वाघ थेट मध्य प्रदेश गाठेल हं!"

"घे गं आई, वाघाला सर्दी असेल," विनय म्हणाला.

सासूबाई हसल्या. पण बाम चोळल्याशिवाय त्यांचे गुडघे रात्रभर ठणकतात. "तुम्हीच बघून या तुमचा वाघ. मी आपली घरी बरी," म्हणाल्या आणि भरलेल्या साड्या एकेक करून बाहेर काढू लागल्या.

जंगलात आपण कुणीच नसल्यासारखं बसायचं, हा नियम मला पटतो. हरणंही तशीच गवताच्या रंगात मिसळून राहतात. पण त्याच गवतात हरिणी आपलं पाडस ओळखते ती वासावरूनच. आमच्या घरातही दार उघडताच सासूबाई कोणत्या खोलीत आहेत, हे मला न विचारता कळतं.

तीन बॅगा बंद करून दाराशी लावल्या. बामाची बाटली चौथीत मी टाकली. सासूबाईंची समजूत काढायची राहिली आहे.