रोहिणीच्या नावाचा उखाणा

१९ मे २०१९ रोजी सारजाबाईंच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी सत्यनारायण होता. पुरणपोळ्यांचे ८५० रुपये ठरले, ४०० आधी मिळाले. पोळ्या करायला आमच्या शेजारच्या आशाबाई गेल्या. सारजाबाई मूळ पिशोरच्या. त्यांचा मुलगा बद्रीनाथ व्यावसायिक कबड्डी खेळतो, टीव्हीवर दिसतो.

पूजेनंतर बायकांनी त्याला नाव घ्यायला लावलं. शेजारी बायको कावेरी बसली होती. तो म्हणाला,

"आल्याच्या चहाला साखर कमी,
रोहिणीच्या नावाची घेतो मी हमी."

कोणी हसलं नाही. कावेरी पाटावरून उठली ती थेट माहेरी गेली. रोहिणी कोण, हे पुढं पेपरात फोटोसकट आलं. मग हाच उखाणा गाणं होऊन डीजेवर वाजू लागला. वरातीत पोरं त्यावर मांडीवर थाप मारून नाचायची.

नाव घेतलं तेव्हा तिथं सगळ्या घरच्या बायका, परकी एकटी आशाबाई.

"हिनंच विकला उखाणा," सारजाबाई गल्लीत सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"माय, मी तव्यापुढं होते."

"तवा काय कान झाकतो व्हय?"

आशाबाईंना कामं येईनात. घर पोळ्यांवरच चालायचं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, मार्चमध्ये निवृत्त होईन. आलेला पैसा कुठंतरी दिसतोच. आशाबाईंकडं गॅसची टाकी भरायलाही पैसे नव्हते. "लपवणारे असंच दाखवतात," माझी बायको म्हणे. तेही खोडून काढता येईना.

दिवाळीत बद्रीनाथ टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात आला आणि स्वतःच्याच गाण्यावर नाचला. उखाणा बाहेर कसा गेला, असं विचारल्यावर हसत म्हणाला, "मीच दिला की गायकाला. बदनामी झालीच होती, म्हटलं गाण्याचे पैसे तरी येऊ द्या."

आशाबाई आमच्याच घरी बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकलंत ना भाऊ? आता सांगा समद्यांना."

मी सांगितलं. कामं पुन्हा सुरू झाली. पण नाव घ्यायची वेळ आली, की घरची बाई आतून म्हणते, "आशाबाई, जरा मागच्या दारी पाणी आलं का बघा." त्या जातात. त्यांच्यामागं दार ओढून घेतलं जातं.

सारजाबाईंकडून ४५० रुपये अजून येणे आहेत.