ओढ्यात उभा राहिलेला भुजंग

मडिवाळप्पांनी भुजंगला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो सायकलची ट्यूब गालाशी धरून डोळे मिटून बसला होता.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेरीत कारकून म्हणून नायगावहून आलेल्या मडिवाळप्पांची सायकल सारखी पंक्चर व्हायची. त्या साली पावसानं दगा दिलेला. बाकीच्या दुकानांत पंक्चर शोधायला घमेल्यात गढूळ का होईना पाणी असायचं. भुजंगच्या दुकानात घमेलंच नव्हतं. ट्यूब इंच-इंच सरकवत तो हवेची झुळूक गालावर शोधत होता.

"पाण्यात बुडवायची न्हाई का रे?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"माणसाला प्यायला न्हाई, ट्यूबला कुठलं पाजू?" भुजंग डोळे न उघडता म्हणाला. "हं. घावलं."

पुढं कळलं, की हा गडी दर रविवारी सायकलचे मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळं काढून माळावर जातो. वाट नसेल तिकडं. मडिवाळप्पा एकदा सोबत गेले, दोनदा पडले, आणि मग रविवार चुकवेनासे झाले. तिसरा बसवंत, दवाखान्यातला कंपाउंडर, तोंडाचा फटकळ. मुरमाच्या उतारावर ब्रेक सोडून द्यायचा तो आनंद वयाच्या पस्तिशीत पुन्हा मिळेल, असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बसवंतनं जंगलात सायकली घालायची टूम काढली. त्याची सासुरवाडी भोकरची. एसटीच्या टपावर सायकली टाकून तिघं आदल्या दिवशी तिथं गेले आणि पहाटेच माळाला लागले. माळ संपला की सागाचं जंगल. पानं गळून गेलेली, वाटेवर पिठासारखा फुफाटा, मधूनच कोरडा ओढा. सायकली दणके खात चालल्या होत्या आणि बसवंत मागून ओरडत होता, "अण्णा, हळू! कचेरीला दुसरा कारकून मिळायचा न्हाई!"

दहाच्या सुमारास जंगलाच्या कडेच्या एका वाडीवर ते थांबले. रत्नम्मा नावाच्या म्हातारीनं ओसरीवर बसवलं आणि दूरच्या विहिरीवरून आणलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. मडिवाळप्पांनी सवयीनं छातीला हात लावला आणि त्यांना आठवलं. घामोळ्यानं मान सोलली होती, म्हणून चांदीच्या डबीतलं, लिंगायतानं कायम गळ्यात बाळगायचं इष्टलिंग सकाळी त्यांनी गळ्यातून काढून सीटखालच्या हत्याराच्या पिशवीत ठेवलं होतं. लहानपणापासून ते एक दिवसही अंगावेगळं केलं नव्हतं. पिशवीची शिवण उसवली होती. आत एक पाना तेवढा अडकून राहिला होता.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"प्या की," बसवंत म्हणाला.

"लिंग अंगावर नसताना पाणी घेत न्हाई मी."

"आन् सापडलंच न्हाई तर?"

मडिवाळप्पा उसवलेली शिवण बोटांनी चाचपत राहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. चूक दुसऱ्या कुणाची असती तर त्याला बोल लावता आला असता.

भुजंगनं हातातलं पाणी न पिता परत तांब्यात ओतलं. मडिवाळप्पांच्या सायकलचं मागचं चाक उचलून हळूहळू फिरवलं. टायर फाटला होता तिथं त्यानंच आतून जुन्या टायरचा तुकडा घातला होता. त्याचा फुगवटा बाहेर आलेला. चाकाच्या दर फेऱ्याला फुफाट्यात त्याचा एक खळगा उमटलेला असणार.

"अण्णा, सावलीतून हलू नका," तो म्हणाला आणि आल्या वाटेनं गेला.

तास गेला. दुसरा गेला. बसवंतची चेष्टा केव्हाच बंद पडली होती. तो ओला पंचा मडिवाळप्पांच्या डोक्यावर ठेवत होता आणि स्वतःवरच चिडत होता. तेवढ्यात रत्नम्माची सून गुरं घेऊन आली.

"ओढ्यात कोण येडा उभा हाय? गुरं येऊन राहिली तरी हलंना. म्हणतो, अण्णाला धाडा."

बसवंतनं मडिवाळप्पांना धरून नेलं. ओढा फार लांब नव्हता, पण त्यांना वाट सरता सरेना. भर उन्हात भुजंग उघडाबंब उभा होता. सायकल त्यानं वाटेवर आडवी टाकली होती आणि सदरा दोन्ही हातांनी खाली पसरून धरला होता. त्याच्या पायांमधल्या सावलीत उघडी पडलेली डबी होती आणि शेजारी, धुळीत, लिंग.

"अरे, उचलून आणायचं की!" बसवंत ओरडला.

"त्यांचं हाय ते. दुसऱ्यानं शिवायचं न्हाई." भुजंगनं कोरडे ओठ चाटले. "अण्णांच्या आईनं दसऱ्याला जेवायला वाढताना सांगितलं व्हतं मला. हिथं सायकल उडली बघा, खळगे तुटलेत. आन् सोडून यावं तर ही गुरांची वाट."

मडिवाळप्पा गुडघ्यावर बसले. बसवंतच्या बाटलीतल्या पाण्यानं लिंग धुतलं, तळहातावर घेऊन तिथंच पूजा केली, डबी गळ्यात बांधली. मग बाटली भुजंगपुढं धरली.

"आधी तू."

"न्हाई. आधी तुम्ही. तुमच्यासाठीच थांबलोय ना!"

मडिवाळप्पा प्यायले. त्यांनी भुजंगच्या भाजलेल्या खांद्यांवर आपला पंचा टाकला आणि तो पिऊन होईपर्यंत तसेच उभे राहिले. इतरांच्या गळ्यातलं जपणारी माणसं आपल्याला भेटली, हे त्यांनी पुढं घरात पुष्कळदा सांगितलं.

भुजंग आता पंच्याहत्तरीचा आहे. लातूरला धाकट्या लेकीकडे राहतो. गुडघे दुखतात, म्हणून गेल्या वर्षापासून सायकल सोडून तो सकाळी पायीच फिरायला जातो.