धरणावरचा दर्यावर्दी

लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा माहेरी घेऊन निघालो, तेव्हा घाटातल्या तिसऱ्याच वळणावर तिला उलटी झाली. खिडकीशी ती, शेजारी मी, आणि माझ्या हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. नव्या नवऱ्याला अशा वेळी काहीतरी भव्य बोलावंसं वाटतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी तुला एस.टी.नं नाही, समुद्रावरून नेतो. शिडाच्या होडीतून, थेट तुमच्या खाडीत."

तिनं पिशवीतून मान वर काढली आणि विचारलं, "खरंच?"

तिचं माहेर दापोली तालुक्यातलं, एका लहानशा खाडीच्या काठचं. वडिलांचा मच्छवा होता. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी एकदा तिला मच्छव्यात बसवून बाहेर समुद्रात नेलं आणि संध्याकाळी भरतीबरोबर खाडीत परत आणलं. घरी आजीनं आरडाओरडा केला, मुलीला पुन्हा नेलं नाही. हे तिनं मला त्याच प्रवासात सांगितलं होतं, उलटी थांबल्यावर, आणि शेवटी म्हणाली होती की तसं एकदा पुन्हा जायचंय. मी मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं आम्ही आधी एस.टी.नं आणि नंतर गाडीनं जात राहिलो आणि ती इमानेइतबारे प्रत्येक घाटात आजारी पडत राहिली. घरी कुणी पाहुणे आले आणि कोकणाचा विषय निघाला की ती चहाचा ट्रे ठेवता ठेवता सांगायची, "हे मला होडीनं नेणार आहेत." पाहुणे हसायचे, मीही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो.

माझी बाजू सांगायची तर मी नाशिकचा. समुद्राशी माझा संबंध शाळेच्या भूगोलातल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांपुरता. नोकरीही पाटबंधारे खात्यात, कालव्यांची. आमच्याकडे पाणी हे शिस्तीचं असतं. ते धरणात असतं, किती टक्के आहे ते रोज पेपरात येतं, आणि ते हलतं ते लेखी आदेशानं, आवर्तन सुटलं की. तीस वर्षं असं पाणी बघितलेल्या माणसाला पाणी स्वतःच्या मनानं कुठे येतं-जातं ही कल्पनाच सुचत नाही.

निवृत्त झाल्यावर मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये शीड हाकायला शिकलो. तिथे माझ्यासारखाच एक उशिरा जागा झालेला विद्यार्थी भेटला. देवळाली कॅम्पातला निवृत्त हवालदार, तोफखान्यातला. त्याची उमेदीची सगळी वर्षं वाळवंटात गेलेली. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी, वीस फुटी, पोटात दोन बाकांएवढी केबिन असलेली होडी घेतली आणि धरणात दोन हिवाळे इकडून तिकडे केलं. एकदा आम्ही लाटाही पाहिल्या. मागून कळलं की शेजारून मोटरबोट गेली होती.

एवढ्या अनुभवावर मी या वर्षी मोहीम आखायला बसलो.

सुरुवात चांगली होती, हे मला नोंदवून ठेवायचंय. पहिल्या कागदावर एकच ओळ होती. श्रीवर्धनहून तिच्या खाडीपर्यंत, एक दिवस, फाल्गुनात रंगपंचमीनंतर. त्या दिवसांत दुपारी वायव्येचा वारा असतो, दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. होडी टेम्पोवर घालून श्रीवर्धनला न्यायची, तिथे पाण्यात सोडायची, बायकोला बसवायचं आणि दिलेला शब्द एकदाचा पाळायचा. मी तो कागद तिला दाखवला. त्या संध्याकाळी तिनं न सांगता माहेरची गोड सांदणं वाफवली, फणस नसताना, डब्यातल्या आंब्याच्या रसाची. त्यावरून मी काय ते समजायला हवं होतं.

पण मी समजलो ते भलतंच. माझ्या अंगात आखणी शिरली. एक दिवसाची मोहीम मला फारच किरकोळ वाटायला लागली. श्रीवर्धनपर्यंत होडी नेतोच आहोत, तर जयगड का नको? जयगडपर्यंत गेलो तर मालवण का नको? आणि मालवणला जाऊन जो गोव्याला जात नाही, तो कसला दर्यावर्दी! हवालदार रोज संध्याकाळी इंदिरानगरला आमच्या घरी यायला लागला. जमिनीवर नकाशे पसरले. हॉलच्या भिंतीवर दिनदर्शिका लटकत असे, ती काढून मी स्वयंपाकघराच्या दारामागे ठोकली आणि तिच्या जागी किनारपट्टीचा पाच फुटी नकाशा लावला. बायको रोज सकाळी चहा घेताना त्या दिनदर्शिकेकडे एक नजर टाकायची. चतुर्थी, एकादशी बघत असणार, असं मी धरून चाललो होतो, आणि त्यावर एकतीस वर्षं तिला चिडवतही होतो. आता ती चहा घेऊन दारामागे जाऊ लागली. मी तेही चेष्टेत काढलं.

आखणी वाढली तशी माणसं वाढली. गोव्यापर्यंत आठ दिवस म्हणजे पाणी, शिधा, पेट्रोल, आणखी एक शीड. केबिनमध्ये जागा दोन बाकांची. हवालदार म्हणाला, "साहेब, कुठलीबी मोहीम असू द्या, लँड पार्टी लागती. जमिनीवरून सामान घेऊन पुढं पोचणारी. तिच्याबिगर लय वांधे होतात." मला ते एकदम पटलं. मी सुबक अक्षरांत तक्ता केला. समुद्र पथक: मी आणि हवालदार. भू-पथक: सौ. आणि पुढे वेळापत्रक. पहिला दिवस, सकाळी सहा, श्रीवर्धनहून प्रयाण. दुपारी बारा, सौ.च्या माहेरची खाडी, भोजन. भू-पथकानं आदल्या दिवशी एस.टी.नं पोचून धक्क्यावर डबा घेऊन उभं राहायचं. दुपारी दोन, पुढे प्रयाण.

हा तक्ता मी स्वतः लिहिला. एका हातानं लिहिला, दुसऱ्या हातानं शाई वाळावी म्हणून वारा घातला, आणि त्यात काही चुकतंय असं मला कणभरही वाटलं नाही. जिला होडीनं माहेरी न्यायचं म्हणून हे सगळं सुरू झालं, तिला मी एस.टी.त बसवलं होतं. तीच एस.टी., तोच घाट. वर जेवणाचा डबाही तिच्याच हातात दिला होता.

तिनं तक्ता वाचला, "बरं," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर सांदणं झाली नाहीत.

शेवटची तयारी म्हणून मी मेहुण्यांना फोन केला. ते अजून त्याच खाडीत मासेमारी करतात. मी माझ्या खात्याच्या सुरात विचारलं, "सध्या खाडीत पाणी किती आहे?"

"कधीचं, भावोजी?"

"आजचं."

"हां, पण आजचं कधीचं?"

मला वाटलं, रेंज नाहीये. मी आवाज चढवून म्हणालो, "आजचं! साधारण किती टक्के?" मग ते फार आदरानं म्हणाले, "ताईला द्या ना जरा फोन." बहिणीशी बोलायचं असेल म्हणून मी तो दिला. ती आत जाऊन पुष्कळ वेळ हसली. भावंडांचं काही जुनं आठवलं असेल, असं मी हवालदाराला सांगितलं.

त्या संध्याकाळी हवालदारापुढे मी सगळी मोहीम पट्टीनं नकाशावर दाखवत होतो. बायको पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि उभी राहिली. मी "दुपारी बारा, भोजन" म्हटल्यावर तिनं विचारलं, "तारीख कुठली म्हणालात?"

मी तारीख सांगितली. ती आत गेली आणि दारामागची दिनदर्शिका काढून घेऊन आली. पान उलटलं. "फाल्गुन वद्य अष्टमी," ती म्हणाली. "आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. बाराला पूर्ण ओहोटी."

"आठाची पाऊणपट?" मी विचारलं. तिनं लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता त्यांच्याकडे भरती येते. तिचे वडील असंच काढायचे, कागद न घेता. "खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीला तिथे माझ्या गुडघ्याएवढं पाणी असतं. बारा वाजता तुमची होडी त्या वाळूत कुशीवर बसेल. आणि मी समोर धक्क्यावर डबा घेऊन उभी. सगळा गाव बघायला येईल."

हवालदारानं पोह्यांची बशी खाली ठेवली. माझ्या मोबाईलमध्ये वाऱ्याचं अ‍ॅप होतं, त्यात वाऱ्याच्या बाणांखाली एक निळी नागमोडी रेघ असायची. दोन महिने मी ती रोज बघत होतो आणि सजावट समजत होतो. मी ती आता पुन्हा उघडली आणि आमच्या तारखेपर्यंत सरकवली. बाराच्या आकड्याखाली रेघ तळाला टेकलेली होती.

"वहिनी," हवालदार म्हणाला, "तुमच्या लक्षात कसं ओ राहिलं हे, इतक्या वर्षांनी?"

"लक्षात कशाला ठेवायचं? रोज बघते की. चहा घेताना. आत्ता घरी पाणी किती असेल ते."

मी हातातली पट्टी खाली ठेवली. एकतीस वर्षं ती दिनदर्शिकेसमोर उभी राहून उपास मोजत नव्हती. इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावर, रिक्षांचे हॉर्न ऐकत, ती रोज सकाळी आपल्या खाडीत भरती आहे की ओहोटी ते बघत होती. आणि मी तिची दिनदर्शिका दारामागे ठोकून तिथे समुद्राचा नकाशा लावला होता. मला लाज वाटली. एरवी मी लाजेतूनही गंमत काढतो, त्या दिवशी निघाली नाही.

मी उठलो, भिंतीवरचा नकाशा काढला, दिनदर्शिका जागेवर लावली आणि तक्त्यावर गोव्यापासून उलट्या दिशेनं रेघा मारत आलो. मालवण गेलं, जयगड गेलं. पहिला दिवस तेवढा राहिला. तिथे 'भोजन' खोडून संध्याकाळचे सहा लिहिले. 'सौ.' पुढे काय लिहावं ते कळेना, म्हणून पेन तिच्याच हातात दिलं. तिनं 'भू-पथक' खोडलं आणि लिहिलं, सुकाणू.

"मला येत नाही असं समजू नका," ती म्हणाली. "आणि भावाचा मच्छवा पूर्ण वाटभर आपल्या बाजूनं चालेल. ते माझं फोनवर ठरलंय."

हवालदारानं तक्ता एकदा वाचला. तीन माणसं आणि दोन बाकं, हे गणित त्यालाही येत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून एक गोवा पुसला गेलेला मला दिसला. मग तो ताठ बसला आणि म्हणाला, "तर मग लँड पार्टी मी. डबा मी आणतो."

रंगपंचमीपर्यंतचे रविवार आम्ही धरणावर घालवले. तिनं पहिल्याच दिवशी सुकाणू धरलं आणि मला शिडाची दोरी सैल सोडायला सांगितलं, जी मी दोन हिवाळे घट्ट ओढून धरत आलो होतो. होडी अशी पळाली की मी बाकावर बसता बसता खाली बसलो. पंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, रंगाच्या त्या दगडी हौदात, उड्या मारणाऱ्यांचे रंग अजून रस्त्यावर ओले होते, त्यावरून आमचा टेम्पो निघाला. वाटेत प्रत्येक घाटात ती आजारी पडली. मी शेवटची पिशवी धरतोय असं तिला सांगितलं.

अष्टमीला अकराच्या सुमाराला श्रीवर्धनहून निघालो. मेहुण्यांचा मच्छवा हाकेच्या अंतरावर होता आणि त्यातले लोक आमच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होते. दुपारी वायव्येचा वारा सुटला, पाठीमागून लाटा यायला लागल्या, खऱ्या, मोटरबोटीशिवायच्या. होडी उचलायची, एका अंगावर कलायची, मग दुसऱ्या. तासाभरात माझं पोट कुठे आहे ते मला नेमकं कळलं. तिनं एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्याकडे न बघताच पुढे केली. साडीच्या दुकानाचीच होती.

पुढचा प्रवास मी त्या पिशवीत काढला. मान वर केली तेव्हा पावणेसहा झाले होते आणि समोर खाडीचं तोंड होतं. वाळू कुठे दिसत नव्हती, भरून आलेलं पाणी होतं. मच्छवा मागे राहिला, त्यांनी मुद्दाम तिला पुढे जाऊ दिलं. वळसा घेताच गाव दिसलं, आणि मी ते ओळखलंच नाही. मला माहीत असलेलं गाव म्हणजे एस.टी.चा थांबा, गुरांचे गोठे, घरांच्या मोऱ्या आणि वाळत घातलेली जाळी. इथून दिसत होत्या त्या ओट्यांच्या रांगा, पाण्याकडे तोंड करून बांधलेल्या पायऱ्या, प्रत्येक घराच्या दारात एक दिवा, आणि धक्क्यावर डबा घेऊन ताठ उभा असलेला हवालदार.

ती रडत होती. सुकाणू मात्र तिनं जराही हलू दिलं नाही.

"बघितलंत?" ती म्हणाली. "हे आमच्या गावाचं पुढचं दार. एकतीस वर्षं तुम्ही मला मागच्या दारानं माहेरी आणत होतात."

मला उत्तर द्यायचं होतं, पण पिशवी तोंडाशी होती.