ठिपके जुळले तरी

गॅरेजवाल्या मामाला आवाजावरून गाडीचं दुखणं कळतं, पण चष्मा कुठे ठेवला ते आठवेना झालं, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग गॅस चालू राहिला. मग एकाच जेवणात त्याने मला तीनदा विचारलं, "तुझी बदली झाली का गं?" तिसऱ्यांदा मी खेकसलेच. मी काही संत नाही.

शेवटी मामीने फर्मान काढलं. मामाची स्वतःची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खात पडली होती, तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक दांडा, झिजला होता. "तो एकट्याने बदला. गाडी चालू झाली तर गॅरेजची किल्ली तुमच्याकडे. नाही तर माझ्याकडे." आणि लक्ष ठेवायला नेमलं मला, चाळिशी उलटलेल्या भाचीला. गाडीत पेट्रोल कुठून भरतात, एवढीच माझी विद्या.

"हा तर माझ्या डाव्या हातचा मळ," मामा उसनं अवसान आणून म्हणाला.

खरं तर गॅरेज दोघांचं होतं. इंजिनाचं पोट उघडायचं ते भागीदाराने. वायरिंग, प्लग, कार्बोरेटर बघायचा मामाने. भागीदार दिवसभरात दहा शब्द बोलला तर पुष्कळ, म्हणून त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. गुडघे गेल्यावर तो लेकीकडे राहायला गेला. "पण मी शेजारीच उभा असायचो ना," मामा म्हणाला.

आणि काम त्याने खरंच झोकात केलं. रेडिएटर काढला, समोरचं झाकण उघडलं, आणि जुना कॅमशाफ्ट झोपलेल्या बाळाखालून दुपटं काढावं तसा हळूहळू बाहेर ओढला. त्याचे उंचवटे पार गुळगुळीत झाले होते. त्या उंचवट्यांवरच व्हॉल्व्ह उघडतात, हे त्याने मला समजावलं. मी मान डोलावली. नवा कॅमशाफ्ट तेल लावून आत सरकवला. मग टायमिंग सेट: दोन दातेरी चाकं आणि त्यांना बांधणारी चेन. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका. "ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. बाकी जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल." ठिपके जुळले. साबणाने खसाखसा हात धुऊन त्याने डिस्ट्रिब्युटर बसवला. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पाठवतो तो.

किल्ली फिरवली. गाडी खोकली, कार्बोरेटरमधून फट्ट करून जाळ आला आणि मी दाराबाहेर.

"घोडं कुठे पेंड खातंय?" मामाने पुन्हा सगळं उघडलं. ठिपके समोरासमोर. मलाही वाकून बघायला लावलं. बंद केलं, हात धुतले, डिस्ट्रिब्युटर बसवला, किल्ली फिरवली. फट्ट. वायरी तपासल्या, पेट्रोल तपासलं. फट्ट. मामी दारात येऊन उभी राहिली आणि खुंटीवरची गॅरेजची किल्ली काढून आत घेऊन गेली. ते मला आवडलं नाही.

मामा टायरवर बसला. बोटांवर मोजत एकेक पायरी पुटपुटू लागला, मध्येच अडला, पुन्हा पहिल्यापासून. "काहीतरी विसरलोय गं मी. काय ते आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणजेच तर..." मघाशी मान डोलावण्यापेक्षा नीट ऐकलं असतं तर, असं वाटून गेलं, पण ऐकूनही मला काय कप्पाळ कळणार होतं!

"मौनीबाबाला कळवू नकोस," मामा म्हणाला. मी फोन लावलाच, आणि स्पीकरवर टाकला.

मौनीबाबाने सगळं ऐकून घेतलं. "फेरा दिला?"

"कसला फेरा?" मामा उठून उभा राहिला.

"ठिपके जुळले की पाना लावून इंजिनाला एक पूर्ण फेरा. मग डिस्ट्रिब्युटर."

"असं काही नसतं. आपण कधीच देत नव्हतो."

"मी द्यायचो. तू हात धुवायला गेलास की." मौनीबाबाला धाप लागली, इतकं तो एका दमात कधी बोलला नसावा. "पहिला पिस्टन दोनदा वर येतो. एकदा धूर टाकायला, एकदा ठिणगी घ्यायला. काही इंजिनांत ठिपके जुळले की ठिणगीची पाळी असते. ह्याच्यात धुराची."

मामाने सवयीने साबणाची वडी उचलली आणि तिच्याकडे बघत राहिला. मग ती खाली ठेवून त्याने तेलकट हातांनीच डिस्ट्रिब्युटर काढला, एक फेरा दिला, परत बसवला. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. एकसारखा, गोड आवाज. मामी धावत आली. गॅरेजची किल्ली तिच्या मुठीत होती, ती तिने मामाच्या खिशात कोंबली आणि पदराने डोळे पुसले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो!" मामा फोनवर ओरडला.

"माहीतच नव्हतं तर विसरणार कुठून?"

मामा खदाखदा हसला. मामी हसली, मीही हसले. मग मामाचं हसू मध्येच थांबलं. त्याने गाडी बंद केली, फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"अरे, आणखी काय काय करायचास तू, मी हात धुवायला गेलो की?"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तू आधी खाली बस बघू," मौनीबाबा म्हणाला.